विथ रिस्पेक्ट टू : गावाकडून नागपूरला शिकायला येताना

"कुठची आहे तू?" हॉस्टेलवर बॅग टेकवल्याबरोबर हा प्रश्न येतो. नाव नंतर, ब्रँच त्याच्याही नंतर. उत्तर देणारी आधी गावाचं नाव सांगते, समोरचीला ते कळलं नाही की तालुक्याचं, तेही नाही कळलं की जिल्ह्याचं, आणि शेवटी "ते चंद्रपूरच्या पुढे" असं म्हणून मोकळी होते. नागपूर विदर्भातल्या सगळ्यांना माहीत असतं. विदर्भ मात्र नागपूरला माहीत असतोच असं नाही.

मी ब्रह्मपुरीची, आणि शिकले कॉन्व्हेंटमध्ये. इथे एक खुलासा करते. आपल्याकडे कॉन्व्हेंट म्हणजे नन चालवतात तीच शाळा असं राहिलेलं नाही. तालुक्याच्या गावी देवादिकांच्या नावाचीसुद्धा कॉन्व्हेंट असतात. माझ्या शाळेत सकाळी गणपतीस्तोत्र व्हायचं आणि मधल्या सुट्टीत मराठी बोललं की एक रुपया दंड! त्यामुळे एवढा मोठा लेख मराठीत लिहायची ही माझी पहिलीच वेळ. संपादक मंडळाने "मराठी विभागाला लेख कमी पडून राहिले" असं सांगितल्यावर विषय मात्र लगेच सुचला. गावाकडची मुलं-मुली नागपूरला शिकायला कधीपासून आणि कशाच्या आधारावर येत आहेत, आणि आल्यावर पहिल्या वर्षात ती नेमकी कुठे अडकतात, याचा थोडा अभ्यास करायचा होता.

आधी इतिहास, थोडक्यात. नागपुरात हिस्लॉप कॉलेज १८८३ मध्ये सुरू झालं आणि मॉरिस कॉलेज १८८५ मध्ये. पण नागपूरला स्वतःचं विद्यापीठ नव्हतं. इथे शिकणाऱ्यांची पदवी आधी कलकत्ता आणि पुढे अलाहाबाद विद्यापीठाची असायची. नागपूर विद्यापीठ स्थापन झालं ४ ऑगस्ट १९२३ ला, तेव्हा सहा कॉलेजं आणि ९२७ विद्यार्थी होते. आज एकेका इंजिनीअरिंग कॉलेजात त्याच्या दुपटी-तिपटीने पोरं असतात. तंत्रशिक्षणाचं म्हणाल तर कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी मृत्युपत्राने विद्यापीठाला मोठी देणगी दिली आणि त्यातून १९४२ मध्ये एलआयटी उभी राहिली. १९६० मध्ये विश्वेश्वरय्या रिजनल कॉलेज आलं, ते २००२ पासून व्हीएनआयटी आहे. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनीअरिंग कॉलेजांना परवानगी दिली आणि दोन-चार वर्षांतच नागपूरच्या चारी बाजूंना कॉलेजच्या इमारती दिसायला लागल्या. हिंगणा रोडवरून सकाळी आठ वाजता जाऊन पाहा, म्हणजे १९८३ च्या त्या निर्णयाचा अर्थ कळेल.

आता, कॉलेज निघालं म्हणून गावाकडचा मुलगा आपोआप शहरात येत नाही. त्याला राहायला आणि जेवायला लागतं. हा भाग मला वाचताना सगळ्यात जास्त आवडला. पूर्वी गरीब ब्राह्मण विद्यार्थ्यांसाठी वार लावून जेवायची पद्धत होती, आठवड्याचे सात वार सात घरी. शिक्षणाची ही मोठीच सोय होती, पण बाकीच्या जातींच्या मुलांसाठी ती नव्हती. अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांना तर शहरात भाड्याची खोलीही मिळत नसे. म्हणून राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं आणि मग वेगवेगळ्या समाजांसाठी एकामागून एक वसतिगृहं उभी केली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्याला सगळ्या जातींच्या मुलांना एकाच छपराखाली ठेवलं. आपल्या विदर्भात हे काम डॉ. पंजाबराव देशमुखांनी केलं. ते अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावचे. स्वतः शिकायला अमरावती, पुणे आणि तिथून थेट इंग्लंडपर्यंत गेले, बॅरिस्टर होऊन परत आले आणि अमरावतीला सगळ्या जातींच्या मुलांसाठी श्रद्धानंद छात्रालय काढलं. पुढे ते देशाचे कृषिमंत्री झाले. म्हणजे आपण मेसमध्ये ज्या पोळीला नावं ठेवतो, ती पोळी मिळावी म्हणून कुणीतरी आयुष्य घालवलेलं आहे. (मेसच्या मावशींनी हे वाचून पोळी आणखी जाड करू नये, ही विनंती.)

दरवर्षी १५ सप्टेंबरला आपण ज्यांच्या फोटोला हार घालतो ते सर विश्वेश्वरय्याही मुद्देनहळ्ळी नावाच्या खेड्यातले. बंगळूरला शिकताना त्यांनी एका कुटुंबातल्या मुलांच्या शिकवण्या घेऊन स्वतःचा खर्च भागवला आणि इंजिनीअरिंगसाठी पुण्याला आले. इंजिनीअर्स डेच्या भाषणात धरणं, पूर आणि भारतरत्न येतं. शिकवण्यांचं कुणी बोलत नाही.

आजची व्यवस्था सरकारी योजनांवर उभी आहे. सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार आणि अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वयम् अशा योजना २०१६-१७ पासून आहेत. नागपूरसारख्या शहरासाठी राहण्या-जेवण्याचे मिळून वर्षाला ६० हजार रुपये ठरवले गेले. शेतकऱ्यांच्या आणि मजुरांच्या मुलांसाठी जो निर्वाह भत्ता आहे त्याला पंजाबरावांचंच नाव दिलेलं आहे. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट झालं, आणि २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या अनेक घरांतल्या मुलींची व्यावसायिक कोर्सची फी माफ झाली. मुलींच्या हॉस्टेलवर याचा परिणाम डोळ्यांनी दिसतो. पूर्वी दिवाळी आणि उन्हाळा अशा दोनदाच घरी जाणारी मुलगी आता पोळ्यालाही जाऊन येते. तरीही पैशाचा प्रश्न संपला असं कुणी समजू नये. प्रिंटआऊट, ड्रॉइंग शीट, कॅल्क्युलेटर, रिचार्ज आणि महिन्यातून एकदा तर्री पोहे, हे कुठल्याच योजनेत बसत नाही.

पण मला सांगायचं आहे ते पैशाबद्दल नाही. पहिल्या वर्षात मुली अडकतात ते दुसऱ्याच ठिकाणी.

माझी रूममेट एटापल्ली तालुक्यातली आहे. तिला विचारूनच लिहिते आहे, फक्त नाव नको म्हणाली. २०११ च्या जनगणनेत गडचिरोली जिल्ह्यात शहरात राहणारे लोक शंभरात जेमतेम अकरा होते. नागपूर जिल्ह्यात अडुसष्ट. या दोन आकड्यांमधलं अंतर एसटीच्या एका रात्रीत कापायचं असतं. रूममेट माडिया आहे, घरी माडियाच बोलतात. ही गोंडीच्या घरातली बोली, म्हणजे मराठीपेक्षा तेलुगूला जवळची. मराठी ती आश्रमशाळेत शिकली. अकरावी-बारावी सायन्सची पुस्तकं इंग्रजीत आली, ती तिसरी भाषा. नागपुरात उतरल्यावर ऑटोवाला, किराणावाला आणि झेरॉक्सवाला हिंदीत बोलला, ती चौथी. नागपूर १९५६ पर्यंत मध्य प्रांत आणि वऱ्हाडची, म्हणजे पुढच्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं, त्यामुळे इथे हिंदी घरचीच आहे. आम्हा नागपूरकरांना (आता मी स्वतःला त्यात धरते) ते लक्षातही येत नाही. येणाऱ्याला येतं. बोलीवरून हसणंही असतंच. आमच्या झाडीपट्टीत 'ण' चा 'न' होतो. मी पहिल्या आठवड्यात मेसमध्ये "पानी" म्हटलं तर पुण्याकडची एक जण हसली. त्याच मुलीने संध्याकाळी दुकानात हिंदीत "पानी की बोतल" मागितली, तेव्हा कुणी हसलं नाही!

पहिल्या सेमिस्टरचा निकाल लागला आणि रूममेटला दोन बॅक लागले, मॅथ्स-वन आणि इंजिनीअरिंग मेकॅनिक्स. घरून फोन आला. वडील रागावले नाहीत, तेच जास्त वाईट होतं. ते म्हणाले पोलिस भरती निघून राहिली, तुझी उंची बसते, परत ये, फॉर्म भरू. तिने प्रिन्सिपॉलच्या नावे टीसीसाठी अर्ज लिहिला आणि इंग्रजी तपासायला माझ्यासमोर ठेवला. मी कॉन्व्हेंटची ना!

मी अर्ज दोनदा वाचला. त्यात एकही चूक नव्हती.

तिथेच मला शंका आली. पाच ओळींचा अर्ज इंग्रजीत बिनचूक लिहिणारी मुलगी "इंग्रजी जमत नाही" म्हणून नापास कशी होईल? सगळे तर तेच म्हणत होते, तीसुद्धा. मी तिला म्हटलं, अर्ज दोन दिवस थांबव, आधी पेपर पाहू. तपासलेल्या उत्तरपत्रिका दाखवायची सोय आहे, पण पहिल्या वर्षाच्या मुली ती वापरत नाहीत. सरांनी पेपर दाखवला. त्यातलं शिडीचं गणित मी इथे देते, कारण आपल्यापैकी प्रत्येकाने ते सोडवलेलं आहे.

एकसारखी शिडी स्मूथ भिंतीला टेकवली आहे, जमीन रफ आहे, जमिनीचा घर्षण गुणांक ०.३. शिडी घसरायच्या बेतात असताना जमिनीशी किती कोन करेल? पुस्तकातल्या रीतीने कोनाचा टॅन काढला तर १ भागिले ०.६ येतो, म्हणजे सुमारे ५९ अंश. रूममेटचं उत्तर ५६.६ अंश होतं. फ्री बॉडी डायग्राम नीट होता, समीकरणं नीट होती, आकडेमोड चुकली नव्हती. फक्त तिने भिंतीवरही घर्षण धरलं होतं, तोच ०.३ गुणांक. दोन्हीकडे घर्षण धरल्यावर ५६.६ हेच उत्तर येतं, मी करून पाहिलं. म्हणजे तिने कठीण गणित बरोबर सोडवलं होतं, पण ते पेपरमध्ये विचारलेलं नव्हतं.

"भिंतीवर घर्षण का धरलं?" सरांनी विचारलं.

"स्मूथ म्हणजे गुळगुळीत ना सर? नदीतला दगडही गुळगुळीत असते, तरी थोडं तर घर्षण असतेच."

सर हसले नाहीत, हे त्यांच्याबद्दल सांगायलाच हवं. ते म्हणाले, तू म्हणते ते खरं आहे, पण पुस्तकातला स्मूथ हा जगात कुठेच नसतो. स्मूथ म्हणजे घर्षण शून्य धरा, असा तो करार आहे.

हा करार कुणी सांगत नाही. लाइट स्ट्रिंग म्हटलं की दोरीला वजनच नाही असं समजायचं. सिंपली सपोर्टेड म्हणजे "साधा" आधार नव्हे, एका विशिष्ट प्रकारचा आधार. ज्यांनी आधीपासून इंग्रजी पुस्तकं वाचली त्यांच्या कानावर हे इतक्यांदा पडलेलं असतं की तो करार आहे हेच त्यांना माहीत नसतं. मलाही नव्हतं.

मॅथ्सचा पेपर पाहिला तेव्हा दुसरी गंमत कळली. पार्शल डिफरन्शिएशनमध्ये "विथ रिस्पेक्ट टू एक्स" असं असतं. अकरावीपासून तिने हे शब्द शेकडो वेळा लिहिले होते. मी सहज विचारलं, याचा अर्थ काय? ती म्हणाली, रिस्पेक्ट म्हणजे मान. वायने एक्सचा मान ठेवायचा. मग? मग काय, सर जसं करतात तसं करायचं. एकच चल असेपर्यंत हे चालून गेलं. दोन चल आले, कुणाच्या संदर्भात बदल मोजायचा आणि कुणाला स्थिर धरायचं हा प्रश्न आला, आणि मान कुणाला द्यायचा हेच कळेना. मी मराठी शब्द शोधू लागले आणि मला तो येईना. तिनेच विचारलं, "सापेक्ष का?" दहावीच्या मराठी पुस्तकातला शब्द तिला आठवत होता. एक्सच्या सापेक्ष. एका शब्दात चॅप्टरचा अर्धा भाग सरळ झाला.

माझा अभ्यासाचा निष्कर्ष म्हणा की अनुभव म्हणा, तो असा की मराठी माध्यमाची मुलं अवघड शब्दांवर अडत नाहीत. ॲक्सिलरेशन म्हणजे त्वरण, मोमेंटम म्हणजे संवेग, इनर्शिया म्हणजे जडत्व, हे एका महिन्यात पाठ होतं. अशा पारिभाषिक शब्दांवर आपल्याकडे कामही खूप झालं आहे. डॉ. रघुवीर १९४० च्या दशकात लाहोरहून नागपूरला आले आणि संस्कृत धातूंवरून हजारो वैज्ञानिक शब्द घडवणारे त्यांचे कोश इथूनच निघाले. पुढे महाराष्ट्राच्या भाषा संचालनालयानेही परिभाषा कोश काढले. पण प्रोव्हायडेड दॅट, हेन्स, व्हेअरॅज, अनलेस, नेग्लेक्टिंग हे शब्द कुठल्याच परिभाषा कोशात नसतात, कारण ते कुणाला "शास्त्रीय" वाटत नाहीत. आणि गणिताची अट नेमकी त्यांच्यातच लपलेली असते. रिस्पेक्टिव्हली हा तर कहरच. रिस्पेक्ट म्हणजे मान, विथ रिस्पेक्ट टू म्हणजे सापेक्ष, आणि रिस्पेक्टिव्हली म्हणजे अनुक्रमे. तीन शब्द दिसायला सख्ख्या बहिणी, पण एकमेकींशी बोलणं नाही.

यावर कुणी म्हणेल की मग मराठीतूनच इंजिनीअरिंग शिकवा. एआयसीटीईने २०२१ मध्ये मराठीसह आठ भारतीय भाषांमध्ये इंजिनीअरिंगला परवानगी दिली आणि त्याच वर्षी पिंपरी-चिंचवडच्या एका कॉलेजात कॉम्प्युटरची मराठी तुकडी सुरूही झाली. चांगलं आहे. पण आमच्या विंगमध्ये मी विचारलं तर बहुतेकींना ते नको होतं. कारण कॅम्पसला इंटरव्ह्यू इंग्रजीत होतो हे सगळ्यांना माहीत आहे. रूममेटचं उत्तर वेगळं होतं. "मराठीबी माझी शिकलेलीच भाषा आहे," ती म्हणाली, "एकदा शिकली, दुसऱ्यांदा शिकीन."

तर आम्ही वही केली. दोनशे पानी, एबीसीडीप्रमाणे पानं सोडलेली. नियम एकच ठेवला की जो शब्द विषयाच्या कोशात मिळतो तो लिहायचा नाही. पहिल्या रकान्यात इंग्रजी शब्द, दुसऱ्यात मराठी, आणि शब्द ज्या गणितात आला ते गणित खाली. मला वाटलं होतं मी सांगणार आणि ती लिहिणार. झालं उलट. प्रोव्हायडेडचा अर्थ मला कळतो, पण मराठीत सांग म्हटलं तर मी हात हलवत बसते. तिने लिहिलं, "अट अशी की". अनुक्रमे, यावरून, याउलट, दुर्लक्षून, हे सगळे तिचे शब्द. मग तिने तिसरा रकाना आखला, माडियाचा. त्यातल्या पुष्कळ जागा रिकाम्या आहेत. काही शब्द ती सुट्टीत आजीला विचारून आली. 'निग्लिजिबल'साठी आजीने काय सांगितलं ते विचारलं तर नुसती हसते.

एक मोठा वेळखाऊ विभाग म्हणजे प्रश्नाच्या सुरुवातीचे हुकूम. स्टेट म्हटलं तर फक्त सांगायचं, सिद्ध करायचं नाही. तिने पहिल्या सेमला 'स्टेट' आल्यावर दोन पानं सिद्धता लिहिली होती, दोन मार्कांसाठी. जस्टिफाय म्हणजे कारण द्या. कमेंट म्हणजे, आमच्या समजुतीप्रमाणे, उत्तर काढल्यावर त्याचा अर्थ एका ओळीत सांगा. वेळ पुरला नाही, असं ती म्हणायची ते यामुळे. वेळ कमी नव्हता, चुकीच्या जागी जात होता.

उन्हाळी परीक्षेत मेकॅनिक्स निघाला. मॅथ्स-वन नाही निघाला, चार मार्कांनी राहिला. पुन्हा घरून फोन, पुन्हा भरतीची जाहिरात. या वेळी तिने वडिलांना सरळ सांगितलं की चारच मार्क आहेत, वायडी लागलेला नाही, आणखी एकदा बसते. ते चार मार्क हिवाळी परीक्षेत मिळाले, वर एकोणीस आले. आता ती सेकंड इयरला आहे, सिव्हिलला. सर्व्हेचं प्रॅक्टिकल असतं तेव्हा आमच्या ग्रुपला थिओडोलाइट तीच लावून देते, कारण आम्हा बाकीच्यांचा बबल मध्यावर यायचं नाव घेत नाही.

वही सध्या आमच्याकडे नाही. तळमजल्यावर फर्स्ट इयरच्या पाच-सहा जणी आहेत, आरमोरी, कुरखेडा, मेळघाटच्या धारणीकडच्या, त्यांच्यात फिरून राहिली आहे. एकीने तिच्यात कोरकूचा रकाना आखला असं ऐकलं. मुलांच्या हॉस्टेलवरूनही मागणी आली आहे, त्यांनी झेरॉक्स काढून घ्यावी, मूळ वही मिळणार नाही, मागच्या वेळचा अनुभव चांगला नाही. आणि स्टाफपैकी जे हा लेख वाचतील त्यांना एक विनंती. 'डी'च्या पानावर डिराइव्ह आणि डिड्यूस हे दोन शब्द आहेत. त्यांच्यातला फरक आम्हाला तीन सरांनी तीन प्रकारे सांगितला, म्हणून ती जागा पेन्सिलने लिहून ठेवली आहे. पेपर काढणाऱ्या सरांनी किंवा मॅडमनी एकदा तळमजल्यावर निरोप पाठवून ती पेनाने लिहून द्यावी. परीक्षा १८ तारखेला आहे.